खिशातला गेम कन्सोल: पहिल्या तीन प्रोटोटाइपच्या नोंदी

सहा बटणं, छोटा पडदा, आत बॅटरी आणि दोन तळहातांत मावेल एवढा आकार. असा कन्सोल पायापासून बनवायला घेतला आहे; किट नाही, कुणाचा तयार बोर्डही नाही. नोंदी त्या त्या रात्री लिहिल्या आहेत. मागाहून फक्त शिव्या काढल्या.

५ जानेवारी

भाग ठरवले. मेंदू म्हणून एटीमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप. त्याचं २८ पायांचं पॅकेज थेट ब्रेडबोर्डात (सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीत) बसतं, आणि जळलं तर उपटून दुसरं लावता येतं. तीन चिप आणल्या, आणि ते शहाणपणाचं ठरणार असं आत्ताच वाटतंय. प्रोग्रॅमसाठी ३२ केबी फ्लॅश, चालू कामासाठी २ केबी रॅम, वीज गेली तरी टिकणाऱ्या नोंदींसाठी १ केबी ईईप्रॉम. याहून कितीतरी दांडग्या चिप मिळतात हे माहीत आहे. पण मला प्रत्येक पाय काय करतो ते कळायला हवंय, आणि दांडग्या चिपमध्ये चुका लपून राहतात. १९८९च्या गेम बॉयकडे ८ केबी रॅम होती आणि चित्रासाठी आणखी ८ केबी वेगळी. माझ्याकडे सगळं मिळून दोन. बघू.

वीज ३.३ व्होल्ट, क्लॉक चिपच्या आतलाच ८ मेगाहर्ट्झ. ३.३ व्होल्टवर ही चिप १६ मेगाहर्ट्झला पळवणारे पुष्कळ आहेत आणि बहुतेक वेळा ती पळतेही. पण डेटाशीटच्या (चिपच्या माहितीपत्रकाच्या) आलेखानुसार त्या व्होल्टेजला साधारण १३च्या पुढे जायचं नाही. पहिल्याच नमुन्यात 'बहुतेक वेळा' नको.

८ जानेवारी

पडदा लागला. ०.९६ इंची ओएलईडी, १२८ गुणिले ६४ ठिपके, आयटूसीवर (चिप आणि पडद्याने बोलायची एक पद्धत) चार तारांचा. अर्ध्या तासात चौकोन दिसला, म्हणून उत्साहात दुसरा पडदा त्याच जागी खोचून पाहिला. तो दिसायला हुबेहूब तसाच, पण त्याच्यावर ग्राउंड आणि व्हीसीसीच्या (वीजपुरवठ्याच्या) पिना उलट्या क्रमाने होत्या. एक पडदा गेला. पिनांची नावं बोर्डावर छापलेली असतात, ती वाचायची असतात.

खरी अडचण वेगाची. एका चित्राला १०२४ बाइट लागतात. आयटूसीत प्रत्येक बाइटमागे नऊ बिट जातात, म्हणजे ४०० किलोहर्ट्झवर नुसतं चित्र पाठवायलाच २३ मिलिसेकंद. वरचे कमांड बाइट धरून माझ्याकडे सेकंदाला तिसेक चित्रं निघाली, आणि तेवढा सगळा वेळ चिप पाठवण्यातच अडकलेली. गेम खेळवायला वेळच उरत नाही. एसपीआय या जास्त वेगवान पद्धतीवर जायचं ठरलं. तसाही हा पडदा हातात धरून पाहिला तर टपाल तिकिटाएवढा वाटतो.

१२ जानेवारी

सात पिनांचा १.३ इंची पडदा, एसपीआयवर. चित्र आलं, पण दोन ठिपके डावीकडे सरकून, आणि उजव्या कडेला दोन ओळींचा कचरा चमकत. संध्याकाळ गेली. या आकाराच्या पडद्यांवर बहुधा एसएसडी१३०६ हा नियंत्रक नसतो, एसएच११०६ असतो. त्याची आतली मेमरी १३२ स्तंभांची आणि पडदा तिच्या मधोमध बसवलेला, म्हणून प्रत्येक ओळ स्तंभ २ पासून सुरू करावी लागते. शिवाय एका दमात सगळे १०२४ बाइट ओतायची सोय त्यात नाही. आठ पट्ट्यांपैकी प्रत्येकीसाठी पत्ता नव्याने द्यावा लागतो. एवढं केल्यावर ४ मेगाहर्ट्झच्या एसपीआयवर पूर्ण चित्र तीन मिलिसेकंदांच्या आत जातं. तेवीसवरून तीन! आज झोप लागेल.

जाता जाता: प्रोग्रॅमर (चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं यंत्र) आणि पडदा एकाच डेटा-क्लॉकच्या तारांवर आहेत. चिप भरताना पडद्यावर मुंग्या येत होत्या. पडद्याच्या सीएस पिनेला (ती खाली ओढली तरच पडदा ऐकतो) १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर, लावला, मुंग्या गेल्या.

१५ जानेवारी

नवी चिप घेतली की फ्यूज (चिपच्या मूळ सेटिंग्जचे बाइट) बदलावे लागतात, कारण ती मुळात ८ला ८ने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. लो फ्यूज ई२ लिहायचा होता. मी ई० लिहिला. या एका आकड्याचा अर्थ असा की चिप आता आतल्या क्लॉककडे बघत नाही, बाहेरून कुणीतरी ठोके देईल म्हणून वाट पाहत बसते. प्रोग्रॅमरलाही उत्तर देत नाही. मेलीच म्हणून बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

रात्री डोक्यात आलं की ठोकेच हवे असतील तर ठोके देऊ. दुसऱ्या चिपच्या एका पायावर टायमरने १ मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल काढला आणि तो मेलेल्या चिपच्या नवव्या पायाला, म्हणजे एक्सटाल१ला, दिला. दोघींचं ग्राउंड एक केलं. प्रोग्रॅमरने लगेच ओळखलं. फ्यूज नीट लिहिला, चिप परत आली. असं कुणाचं झालं तर चिप फेकू नका.

२३ जानेवारी

चार संध्याकाळी गेल्या, म्हणून ही नोंद लांब आहे.

बी बटण दाबलं की पडदा गोठतो. दर वेळी, हमखास. ए दाबा, दिशा दाबा, काही होत नाही. बी दाबलं की चित्र जागच्या जागी थिजतं आणि बझरचा जो सूर चालू असेल तोच लटकून राहतो. बटण सोडूनही काही उपयोग नाही, रीसेटच करावं लागतं. आणि चीड आणणारी गोष्ट ही की हेच बटण दोन आठवड्यांपूर्वी बिनबोभाट चालत होतं.

पहिल्या संध्याकाळी स्विचवर संशय घेतला. बदलला. तेच. दुसऱ्या संध्याकाळी वाटलं की बटण दाबताना ग्राउंडला झटका बसतोय. १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर लावत सुटलो, पडद्यापाशी मोठा १० मायक्रोफॅरडचाही लावला, जंपर वायर आखूड केल्या. ब्रेडबोर्ड आता झाडासारखा दिसतो. तेच. तिसऱ्या संध्याकाळी प्रोग्रॅमवर संशय घेऊन बीचं सगळं काम काढून टाकलं. प्रोग्रॅम बी वाचतसुद्धा नाही, तरी दाबलं की गोठतं! इथे मला भुताखेतांवर विश्वास बसायच्या बेतात होता.

चौथ्या संध्याकाळी, जे पहिल्या पाच मिनिटांत करायचं ते केलं: ए आणि बीच्या तारांची अदलाबदल. आता ए दाबलं की गोठायला लागलं. म्हणजे दोष बटणाचा नाही, पायाचा. तो पाय पीबी२. डेटाशीट उघडलं, तर त्या पायाचं दुसरं नाव एसएस. एसपीआय मालक म्हणून चालू असताना हा पाय इनपुट ठेवला आणि तो खाली ओढला गेला, तर चिप समजते की दुसरा कुणी मालक आला आहे. ती स्वतःचं मालकपण सोडते आणि गुलाम होऊन बसते. मग ती क्लॉक देत नाही, बाइट कधीच पूर्ण जात नाही, आणि माझा प्रोग्रॅम 'गेला का, गेला का' विचारत त्याच ओळीवर जन्मभर उभा राहतो. सूर लटकतो, कारण तो टायमरच्या हार्डवेअरमधून येतो, त्याला प्रोग्रॅमची गरज नाही. दोन आठवड्यांपूर्वी बटण चालत होतं, कारण तेव्हा पडदा आयटूसीवर होता. सगळं समोर होतं.

तयार लायब्ररी वापरली असती तर हे कळलंच नसतं. ती सुरुवातीलाच हा पाय आउटपुट करून ठेवते. मी थेट रजिस्टरं (चिपच्या आतले नियंत्रणाचे खण) लिहीत होतो आणि त्याचा अभिमानही होता.

इलाज मात्र झकास निघाला. आयटूसी गेल्यामुळे पीसी४ आणि पीसी५ मोकळे झाले होते. सहाच्या सहा बटणं पीसी० ते पीसी५ वर नेली. आता एका वाचनात सगळी बटणं कळतात. पीबी२ आउटपुटच असायला हवा ना, मग पिएझो बझर पीबी१ आणि पीबी२ यांच्या मध्ये टांगला. दोन्ही टायमर १चे पाय आहेत. एक वर असताना दुसरा खाली असा उलटा चालवला की पिएझोला ३.३ऐवजी ६.६ व्होल्टचा झोका मिळतो. मालिकेत २२० ओहम. आवाज आता पलीकडच्या खोलीत जातो.

२८ जानेवारी

पहिला खरा गेम: चक्रव्यूह. दर वेळी नवा, १६ गुणिले ८ खणांचा. बनवायची रीत नेहमीची. एका खणातून शेजारच्या न पाहिलेल्या खणात शिरायचं, वाट संपली की मागे यायचं. फंक्शन स्वतःलाच हाक मारतं, लिहायला दहा ओळी.

कधी चालतो, कधी कोसळतो. कोसळण्याआधी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बर्फ पडल्यासारखे ठिपके वळवळतात. बटणाच्या भुताने शहाणा झाल्यामुळे या वेळी तारांना हात लावला नाही. ठिपके कायम त्याच कोपऱ्यात येतात, म्हणजे ते चित्राच्या मेमरीच्या शेवटच्या बाइटांत येतात. तिच्यानंतर मोकळी जागा, आणि वरून खाली वाढत येतो स्टॅक, म्हणजे फंक्शनचे परतीचे पत्ते ठेवायची जागा. २०४८ बाइटांतले १०२४ चित्राने घेतले, दोनेकशे इतर चलांनी. फंक्शन १२८ खण खोल गेलं आणि दर खेपेला पंधरा-वीस बाइट घेतले, तर स्टॅक चित्राच्या मेमरीत घुसणारच. तो कोपऱ्यातला बर्फ म्हणजे माझा स्टॅकच पडद्यावर दिसत होता. मग कुठेतरी चित्र पुसलं की त्याबरोबर परतीचे पत्तेही पुसले जातात, आणि खेळ खलास. कधी कधी चालायचं, कारण प्रत्येक व्यूहाची खोली वेगळी.

फंक्शनने स्वतःला बोलावणं बंद केलं. आता प्रत्येक खण आपण कुठल्या दिशेने आलो एवढंच लक्षात ठेवतो, परत जाताना तीच दिशा उलटी. १२८ बाइट, ठरलेले. शिवाय मेनूची सगळी वाक्यं रॅममध्ये पडून होती ती फ्लॅशमध्ये हलवली, तेव्हा आणखी १७० बाइट सुटले.

४ फेब्रुवारी

दुसरा प्रोटोटाइप. झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या साध्या बोर्डावर) सगळं सोल्डर केलं, मागे ५०० मिलिअँपिअर-तासाची लिथियम पॉलिमर बॅटरी चिकटवली, आणि पहिल्यांदा टेबलावरून उचलून हातात धरलं.

तीन गोष्टी लगेच कळल्या. मागची सोल्डरची टोकं बोटांना टोचतात. बॅटरी वरच्या बाजूला असल्यामुळे यंत्र सारखं पुढे कलंडतं आणि करंगळ्या दुखतात. आणि तासाभराने पडदा मंद होतो.

तिसरीचं कारण शोधलं. ब्रेडबोर्डवर ५ व्होल्ट यूएसबीचे होते आणि ते ३.३ करायला एएमएस१११७ हा रेग्युलेटर होता. तोच इथेही लावला. त्याला आत-बाहेर साधारण १.१ व्होल्टचा फरक लागतो. पाचातून ३.३ काढताना तो मिळतो. भरलेल्या बॅटरीच्या ४.२ मधून ३.१ निघतात, तेही चालून जातं. पण बॅटरी आपलं बहुतेक आयुष्य ३.७च्या आसपास काढते, आणि तिथे रेग्युलेटर २.६ देतो. पडद्यावर पांढरं जास्त आलं की त्याहून खाली. तेवढ्यात चिप तग धरते, पडदा नाही. वर हा रेग्युलेटर काही न करता स्वतःच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. माझं सगळं यंत्र २४ खातं, त्यातले हे फुकटचे.

एमसीपी१७०० लावला. २५० मिलिअँपिअरपर्यंत देतो, फरक व्होल्टच्या पाचव्या भागाहूनही कमी लागतो आणि स्वतःचा खर्च मायक्रोअँपिअरमध्ये. यंत्र १९ मिलिअँपिअरवर आलं. गणिताने सव्वीस तास. जेवढा वेळ मी टेबलावर यूएसबी लावून काम केलं, तेवढा वेळ ही चूक दिसणारच नव्हती.

१० फेब्रुवारी

आज सकाळी सर्वोच्च गुण ६५५३५ दिसले. मी इतका चांगला खेळत नाही.

दोन बाइटांचे सगळे बिट १ झाले की हाच आकडा येतो, म्हणजे ईईप्रॉममधली ती जागा पुसली गेली. स्विच बंद करताना व्होल्टेज एकदम शून्यावर येत नाही, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत घसरत येतं. त्या घसरणीत चिप अर्धवट शुद्धीत चालत राहते, भलत्याच सूचना पाळते, आणि त्यातली एखादी ईईप्रॉमवर लिहायची असते. यावर ब्राउन-आउट नावाची सोय चिपमध्येच आहे: ठराविक व्होल्टेजच्या खाली गेलं की चिपला रीसेटमध्ये दाबून ठेवते. नवीन चिपमध्ये ती बंद असते. एक्स्टेंडेड फ्यूज एफडी केला, म्हणजे मर्यादा २.७ व्होल्ट. शिवाय गुणांसोबत एक तपासणीचा बाइट ठेवला. तो जुळला नाही तर गुण शून्य धरायचे. चाळीस वेळा स्विच चालू-बंद केला. गुण जागच्या जागी.

१४ फेब्रुवारी

चार्जिंगचं मॉड्यूल टीपी४०५६चं. दहा मिनिटांत हात लावेना इतकं तापलं, आणि बॅटरीही कोमट. मॉड्यूलवर १.२ किलोओहमचा रेझिस्टर बसवून येतो, त्याने चार्जिंगचा प्रवाह १ अँपिअर होतो. माझी बॅटरी ५०० मिलिअँपिअर-तासाची, तिला ही दुप्पट सक्ती. १२०० भागिले ओहम एवढे अँपिअर असा हिशोब आहे. रेझिस्टर काढून ४.७ किलोओहमचा लावला, आता २५५ मिलिअँपिअर. लिथियमच्या बाबतीत 'चालून जाईल' म्हणायचं नाही, हे मॉड्यूल लावायच्या आधी वाचायला हवं होतं.

चार्ज होताना खेळलं तर 'पूर्ण'चा दिवा लागायला फार वेळ घेतो. प्रवाह ठरवलेल्याच्या दहाव्या भागावर आला की टीपी४०५६ थांबतो, म्हणजे माझ्याकडे २५वर. खेळ चालू असताना १९ कन्सोलच खातो, आणि तेही तो बॅटरीतच जातायत असं समजतो. हे सोडवायला वेगळं सर्किट लागतं. या नमुन्यात नाही करणार. चार्ज करताना बंद ठेवायचा.

१९ फेब्रुवारी

भाची आली होती, वय नऊ. तिच्या हातात दिला. दोन मिनिटांत म्हणाली, "मामा, हा ऐकतच नाही माझं."

मी खेळतो तेव्हा ऐकतो. म्हणून तिचे हात बघत बसलो. मी प्रत्येक बटण वेगळं, टोकाने दाबतो, कारण मला ती कुठे आहेत ते पाठ आहे. ती अंगठा उचलतच नाही. चार बटणांच्या मध्ये ठेवून नुसता कलवते. चार सुटे टॅक्ट स्विच (टकटक करणारी छोटी बटणं) त्यासाठी बनलेलेच नाहीत. अंगठा घसरतो, कधी डावं-उजवं एकदम दाबलं जातं आणि माझा प्रोग्रॅम दोन्ही पाळायला जाऊन जागीच थांबतो. शिवाय टकटक इतकी की शेजारी बसलेल्याला वैताग.

अधिक चिन्हासारखी एकसंध कळ हवी. गुनपेई योकोई यांनी ती १९८२च्या गेम अँड वॉचवर आणली, आणि तेव्हापासून तिला पर्याय सापडलेला नाही हे उगाच नाही. मी तिचा वरचा आकार थ्रीडी प्रिंटरवर काढून चार स्विचवर बसवला. तरी डावं-उजवं एकदम लागतंच! मग एका जुन्या बिघडलेल्या गेमपॅडचं पोट फाडलं. कळीच्या खाली मधोमध एक छोटा घुमटासारखा उंचवटा असतो. कळ त्याच्यावर तोलून असते, एक बाजू दबली की समोरची उचलली जाते. गुपित वरच्या अधिकात नव्हतं, खालच्या त्या टेंगळात होतं. दुसऱ्या कळीला २ मिलिमीटरचं टेंगूळ दिलं, बसेना. उंची चार वेळा बदलली, १.४ला जमलं. तुमच्या स्विचच्या उंचीप्रमाणे हा आकडा बदलेल.

दाबल्यावर बटणांचा संपर्क क्षणभर थरथरतो म्हणून मी प्रत्येकाला इंटरप्ट आणि टायमर लावून ठेवले होते. सगळं काढलं. दर चित्राला एकदा, म्हणजे १६ मिलिसेकंदांनी, पोर्ट वाचतो. थरथर तेवढ्यात संपलेली असते.

२७ फेब्रुवारी

पीसीबीची आखणी संपली. पाठवायच्या आदल्या रात्री आराखडा कागदावर खऱ्या मापात छापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, मागे बॅटरीच्या वजनाचा लोखंडी तुकडा लावला आणि टीव्ही बघताना हातात धरून बसलो. उजवा अंगठा ए वर ठेवला की त्याचं मूळ पडद्याचा कोपरा झाकतं. बटणं ६ मिलिमीटर खाली घेतली. बॅटरी मधोमध आणली. पुठ्ठ्याचा हा नमुना सगळ्यात आधी करायला हवा होता, तो सगळ्यात शेवटी सुचला.

टॅक्ट स्विच गेले. त्यांच्या जागी रबरी पडदा, कार्बनच्या गोळ्यांसह, आणि बोर्डावर एकमेकांत गुंतलेल्या कंगव्यांसारखे पॅड. पॅडवर सोन्याचा मुलामा निवडला. साध्या टिनच्या पॅडवर घासून घासून संपर्क जातो.

१४ मार्च

पाच बोर्ड आले. दिसायला देखणे. पहिला जोडला, बॅटरी खोचली आणि रेग्युलेटरमधून धूर.

बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये धन कुठल्या बाजूला, याचा सगळ्यांना बांधून ठेवणारा नियम नाही. प्रत्येक विकणारा आपल्या मनाने तारा घालतो. मी आखणीत एक बाजू धरली, माझी बॅटरी दुसऱ्या बाजूची. एक रेग्युलेटर आणि त्याच्यामागची चिप गेली, पडदा वाचला. सुईने कनेक्टरमधल्या पट्ट्या उचलून तारांची अदलाबदल केली. तारा एकेक करून काढायच्या, दोन्ही एकदम उघड्या ठेवायच्या नाहीत. पुढच्या आखणीत उलट्या बॅटरीपासून वाचवायला एक पी-चॅनल मॉस्फेट असेल.

दुसरी चूक माझ्या हावरटपणाची. पीसीबीवर ३२ पायांची सपाट चिप आहे, तिला एडीसी६ आणि एडीसी७ असे दोन जास्तीचे पाय असतात. सातवं बटण, 'थांबा'चं, मी एडीसी६वर दिलं. ते दाबून काहीच होईना. या पायांना डिजिटल इनपुट नसतंच, आतला पुल-अपही नाही. ते फक्त व्होल्टेज मोजू शकतात. मग मोजू दे. बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप हवेत लटकवून सोल्डर केला आणि दर चौथ्या चित्राला त्या पायाचं व्होल्टेज मोजतो. अर्ध्याच्या खाली असलं की बटण दाबलं आहे. दिसायला ओंगळ, पण चालतं.

२२ मार्च

दुसरा बोर्ड जोडला, सगळं पहिल्या झटक्यात चालू झालं. विश्वास बसेना म्हणून तासभर काहीतरी तुटायची वाट पाहिली.

रबराची कळ छान दबते, आवाज नाही. पण ए बटण एका कडेने दाबलं तर लागत नाही. आवरणाचं भोक बटणापेक्षा ०.८ मिलिमीटर मोठं होतं, म्हणून बटण तिरकं होऊन कार्बनची गोळी अर्धीच टेकायची. भोक लहान करून आवरण पुन्हा छापलं, अकरा तास. आता बटण अडकतं. ०.३ची फट ठेवून तिसऱ्यांदा, आणखी अकरा तास. बसलं. पूर्ण आवरण छापत बसण्यापेक्षा नुसता भोकाभोवतीचा तुकडा छापून पाहायला वीस मिनिटं लागली असती, हे तिसरं आवरण अर्धं झाल्यावर सुचलं.

३० मार्च

भाचीकडे चार दिवस ठेवला होता. परत आला तेव्हा बॅटरी ३.६वर, सर्वोच्च गुण माझ्या तिप्पट, आणि आवरणाच्या कोपऱ्याला चीर. पडला का विचारलं, तर म्हणे "एकदाच." चीर स्क्रूच्या खांबापाशी आहे. तिथे थर एकमेकांवर उभे छापले गेलेत, झटका बसला की ते सुटतात. पुढचं आवरण आडवं छापणार.

तिची तक्रार वेगळीच होती. रात्री पांघरुणात खेळताना आवाज बंद करता येत नाही. आवाज कमी-जास्त करायची सोय मी ठेवलेलीच नाही, कारण टेबलावर मला तो नेहमी कमीच वाटायचा. आत्तापुरतं 'थांबा' दाबून धरलं आणि बी दाबलं की बझर बंद होतो, आणि ती निवड ईईप्रॉममध्ये राहते.

शिल्लक: कोरे बोर्ड तीन, चिप एक, पडदे दोन. पुढच्या आखणीत उलट्या बॅटरीचं संरक्षण, 'थांबा' बटण खऱ्या डिजिटल पायावर आणि कडेला आवाजाची सरकती कळ. आखणी सुरू करण्याआधी पुठ्ठा कापून ठेवला आहे.